रात्रपाळी, सकाळचे पेग आणि उतरलेला मूड: सुरुवात कुठून करायची?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्याचं वय ३४. तीन वर्षं कायम रात्रपाळी, आठवड्याला पाच रात्री. सकाळी साडेसातला घरी पोचल्यावर झोप येत नाही म्हणून सुरुवातीला एक पेग घ्यायला लागले, आता तीन-चार होतात. नऊच्या आत झोप लागते. दुपारी एकच्या सुमारास छातीत धडधडून, घामाने भिजून जाग येते आणि मग काही केल्या डोळा लागत नाही. सुट्टीचे दोन दिवस घरच्यांसारखं रात्री झोपून दिवसा जागतात. गेलं वर्षभर चिडचिड वाढली आहे, कशातच रस वाटत नाही, संध्याकाळी ड्यूटीवर निघायच्या आधी पोटात गोळा येतो. एका डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुचवली आहे, ती अजून सुरू केलेली नाही. आणि ते विचारतात: "मी उदास आहे म्हणून पितो, पितो म्हणून उदास आहे, की सगळा दोष रात्रपाळीचा? आधी काय सोडवू?"

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. झोपेच्या तक्रारी आणि दारूच्या तक्रारी घेऊन येणारे लोक माझ्याकडे बरेच असतात, आणि पाळीत काम करणाऱ्यांमध्ये हे दोन गट पुष्कळदा एकच असतात. "आधी काय झालं?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. तो स्वाभाविक आहे, पण तीन वर्षांनंतर त्याच्या उत्तराचा उपचाराला फारसा उपयोग होत नाही. आता तिन्ही गोष्टी एकमेकींना पोसताहेत. मी त्याऐवजी असं पाहतो, की यातली कुठली गोष्ट आज हलवता येईल आणि ती हलल्यावर बाकीच्या दोन आपोआप किती सैल होतील. तुमच्या वर्णनावरून माझं उत्तर असं: आधी झोपेची जागा आणि प्रकाश, आठवडा-दोन आठवड्यांत लगोलग दारू, आणि गोळीचा निर्णय त्यानंतर साधारण चार आठवड्यांनी.

पण हा क्रम सगळ्यांना लागू नाही, आणि कुणाला लागू नाही ते आधी सांगणं जास्त महत्त्वाचं आहे.

दारू घेतली नाही की हात थरथरणं, मळमळ, दरदरून घाम, विलक्षण बेचैनी असं होत असेल, किंवा ते शमवायला जागेपणीही प्यावी लागत असेल, तर शरीर दारूवर अवलंबून झालं आहे. अशा माणसाने एका दिवसात दारू तोडू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम आणि तीव्र गोंधळाची अवस्था येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधारानेच थांबायचं. तुमची दुपारची धडधड आणि घाम मी याच नजरेने बघतो. ती सौम्य रूपातली तीच गोष्ट असण्याची शक्यता आहे, म्हणून कमी करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवाच. मरणाचे, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर वरचा क्रम बाजूला ठेवा आणि आजच कुणाला तरी सांगा, तातडीची वैद्यकीय मदत घ्या. चार आठवडे थांबून बघू, हे त्या परिस्थितीत चालत नाही. आणि पूर्वी कधी काही दिवस झोप न घेताही प्रचंड उत्साह, भरधाव बोलणं, बेफाम खर्च असा काळ येऊन गेला असेल, तर द्विध्रुवीय (बायपोलर) विकाराचा, म्हणजे मन अतिउत्साह आणि नैराश्य या दोन टोकांना जाण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. त्यात जागरणाने आणि तीव्र प्रकाशाने आजार उसळू शकतो, नैराश्यावरची नुसती गोळीही उलटू शकते. हे प्रश्न तुमच्या डॉक्टरांनी विचारले नसतील तर तुम्ही स्वतःहून सांगा.

आता घड्याळाकडे वळू. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. त्याचा स्वतःचा फेरा माणसात सरासरी २४ तास आणि वर दहा-बारा मिनिटांचा असतो. म्हणजे ते रोज थोडं मागे पडू पाहतं आणि रोज प्रकाशाने जुळवून घ्यावं लागतं. यकृत, आतडी, हृदय यांच्या पेशींमध्येही आपापली घड्याळं असतात, आणि त्यांना जेवणाच्या वेळा बऱ्यापैकी हलवतात. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं याच्या शोधासाठी २०१७ चं वैद्यकाचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना मिळालं. काम फळमाशीवर झालं होतं, पण यंत्रणेचा गाभा आपल्यातही तोच आहे.

तुमच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट प्रकाशाची वेळ आहे. दिवसा जगणाऱ्या माणसाचं शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जातं. त्या बिंदूच्या आधी डोळ्यांवर पडलेला तेज प्रकाश घड्याळ पुढे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येऊ लागते. त्या बिंदूनंतरचा प्रकाश घड्याळ अलीकडे ओढतो. तुम्ही रात्रभर मध्यम प्रकाशात काम करता आणि नेमकं साडेसातला, लख्ख उन्हातून घरी येता. ते ऊन घड्याळाला रोज बजावतं की दिवस सुरू झाला. मग सुट्टीचे दोन दिवस तुम्ही पूर्ण दिवसाचं आयुष्य जगता, आणि पाच रात्रींत जे काही घड्याळ सरकलं असेल ते परत मूळ जागी येतं. "तीन वर्षं झाली, अजून शरीराला सवय कशी नाही?" असं अनेक जण विचारतात. कायम रात्रपाळी करणाऱ्यांतही ज्यांचं घड्याळ पूर्ण उलटं होतं असे फार थोडे. सवय व्हायला घड्याळाला संधीच मिळत नाही.

म्हणून तुम्ही अंथरुणाला पाठ टेकता तेव्हा शरीरात दोन शक्ती एकमेकींविरुद्ध ओढत असतात. रात्रभराच्या जागरणाने झोपेची ओढ प्रचंड साठलेली असते, आणि घड्याळ मात्र जागं राहण्याचा इशारा चढवत नेत असतं. पहिले तीन-चार तास झोपेची ओढ जिंकते. ती थोडी भागली की दुपारी घड्याळ जिंकतं. दारू न पिणारे रात्रपाळीवालेही दुपारी लवकर जागे होतात, ते यामुळे.

आता यात दारू मिसळा. दारू मेंदूतली शांत करणारी रसायनव्यवस्था वाढवते आणि उत्तेजित करणारी दाबते, झोपेची ओढ निर्माण करणारं अ‍ॅडिनोसिनही वाढवते. त्यामुळे झोप लवकर लागते आणि पहिला भाग गाढही असतो. इथपर्यंत तुमचा अनुभव खराच आहे, आणि "दारूने झोप लागत नाही" असं कुणी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हेही मला ठाऊक आहे. गडबड नंतर होते. मेंदू त्या दाबाला विरोध म्हणून उत्तेजन वाढवत असतो. दारू रक्तातून उतरली की फक्त ते वाढलेलं उत्तेजन शिल्लक राहतं: नाडी जलद, घाम, हलकी झोप, जाग.

तुमच्या बाबतीत हिशेब फार स्वच्छ बसतो. सुमारे ४० टक्क्यांच्या मद्याच्या ३० मिलीलीटरच्या पेगमध्ये साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं. चार पेग म्हणजे ३८ ग्रॅम. शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम निपटतं, माणसागणिक फरक असतो. साडेसातला सुरुवात केली तर साडेअकरा ते एकच्या दरम्यान रक्तातली दारू संपते. म्हणजे दारूचा उलटा झटका आणि घड्याळाचा जागं करणारा इशारा, दोन्ही एकाच तासात तुमच्यावर येतात. मोठे पेग भरत असाल तर ही वेळ पुढे सरकेल, आणि मग संध्याकाळच्या ड्यूटीला निघतानाही डोकं जड असेल. घरी पेग मोजून न भरणारे लोक बहुतेकदा कमीच सांगतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. ग्लासाला खूण नसते इतकंच.

आणखी एक गोष्ट, जी रात्रपाळीवाल्यांच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वप्नांची झोप, जिला आम्ही रेम झोप म्हणतो, ती रात्रभर सारखी वाटलेली नसते. ती घड्याळाला घट्ट बांधलेली आहे आणि तिचा जोर पहाटे नि सकाळच्या वेळी सर्वाधिक असतो. रात्री अकराला झोपणाऱ्याला ती झोपेच्या शेवटच्या भागात भरपूर मिळते. तो जर रात्री नऊला दोन पेग घेत असेल, तर रेम दाबणारा दारूचा परिणाम मुख्यतः पहिल्या भागावर पडतो, जिथे ती तशीही कमीच असते. तुम्ही मात्र अगदी त्याच तासांत पिऊन झोपता ज्या तासांत शरीर ही झोप द्यायला तयार असतं. त्याच चार पेगांचं तुमचं नुकसान त्यामुळे रात्री पिणाऱ्यापेक्षा जास्त असावं, असा माझा तर्क आहे. भावनिक आठवणींचा निचरा, भीतीची धार बोथट होणं, या कामांत रेम झोपेचा वाटा आहे असं मानायला चांगला आधार आहे. आठवड्याचे पाच दिवस ती कापली गेली तर माणूस क्षुल्लक गोष्टीवर उसळतो, रडू येतं, जुन्या अपमानांची उजळणी करत बसतो. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

दारू घड्याळालाही थेट छेडते. निरोगी तरुणांना झोपण्याच्या तासभर आधी मद्य देऊन केलेल्या प्रयोगात मेलाटोनिनची, म्हणजे रात्र झाल्याचा इशारा देणाऱ्या संप्रेरकाची, पातळी सुमारे पाचव्या हिश्शाने घटलेली दिसली. रात्री शरीराचं तापमान जेवढं उतरायला हवं तेवढं उतरत नाही. हॅमस्टरवरच्या प्रयोगांत तर दारूमुळे प्रकाशाला घड्याळाने द्यायचा प्रतिसादच मंदावला, म्हणजे जुळवून घेण्याची क्षमता कमी झाली. उलट दिशेचाही पुरावा आहे. घड्याळाचं एक जनुक बिघडवलेले उंदीर साध्या उंदरांपेक्षा जास्त दारू पितात, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. माणसांमध्ये, उशिरा झोपणाऱ्या प्रकृतीचे लोक आणि ज्यांच्या कामाच्या नि सुट्टीच्या झोपेच्या वेळांत मोठी तफावत असते असे लोक सरासरीने जास्त पितात. उंदरांवरून माणसावर उडी मारायला मी कचरतो, पण दोन्ही बाजूंनी वाट आहे एवढं नक्की.

आणि झोपेसाठी घेतलेल्या दारूची एक वाईट खोड: गुंगी आणण्याचा तिचा गुण काही दिवसांतच बोथट होतो, उत्तरार्धातली झोपमोड मात्र तशीच राहते. एकाचे चार पेग तुमच्या स्वभावदोषामुळे झाले नाहीत. ज्याला झोपेचं औषध म्हणून दारू लागते त्याचा डोस याच कारणाने चढतो.

इथवरचं गोळा करून सांगायचं तर, ऊन तुमचं घड्याळ दिवसावर खिळवून ठेवतं, त्यामुळे सकाळची झोप अवघड होते, तिच्यावर उपाय म्हणून आलेली दारू त्या झोपेचा सर्वांत मोलाचा भाग कापते आणि दुपारी तुम्हाला उठवून बसवते. उरलेला दिवस तुम्ही चार तासांच्या झोपेवर आणि दारू उतरण्याच्या हलक्याशा त्रासात काढता. मूड चांगला असता तरच नवल.

मग ही उदासी म्हणजे नैराश्याचा आजार का? कदाचित हो, कदाचित नाही, आणि आजच्या अवस्थेत कुणालाच ते खात्रीने सांगता येणार नाही. मी काही गोष्टी विचारतो. रात्रपाळी आणि दारू दोन्ही नव्हते त्या काळात अशी अवस्था कधी आली होती का? जवळच्या नात्यात कुणाला नैराश्य आहे का? लांब सुट्टीत, आठ-दहा दिवस रात्री झोपून आणि न पिता काढल्यावर मन उघडतं का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर "हो" आणि तिसऱ्याचं "नाही" असेल, तर मी उपचार लवकर सुरू करण्याकडे झुकतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या पुरुषांपैकी ४२ टक्क्यांमध्ये सुरुवातीला लक्षणीय नैराश्य होतं. दारूविना चार आठवडे गेल्यावर ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं, तेही नैराश्यावरच्या औषधाशिवाय. ते लोक तुमच्यापेक्षा बरेच जास्त पिणारे होते, म्हणून आकडा जसाच्या तसा उचलू नका. पण चार आठवडे थांबून बघण्याची जी पद्धत आम्ही पाळतो, तिच्यामागे असाच पुरावा आहे. गोळी आधीच सुरू झालेली असेल तर मात्र माझं वाचून ती बंद करू नका.

आता करायचं काय.

सुट्टीपासून सुरुवात करा. हे ऐकून लोक नाराज होतात, कारण सुट्टी हा त्यांना एकमेव हक्काचा भाग वाटतो. पण पाच दिवस नऊ ते एक झोपून दोन दिवस अकरा ते सात झोपणं म्हणजे दर आठवड्याला अर्ध्या जगाचा विमानप्रवास करून परत येणं. रात्रपाळीचा अभ्यास केलेल्या संशोधकांनी सुचवलेली तडजोड मला व्यवहार्य वाटते: कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेतीन, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे तीन ते दुपारी बारा. दोन्हींत सकाळी साडेआठ ते बारा हा पट्टा समान राहतो आणि घड्याळाला धरायला एक खुंटी मिळते. दुपारी बारापासून रात्रीपर्यंत घरच्यांसाठी वेळही राहतो. लहान मुलं असतील, घरातल्या कुणाची शुश्रूषा असेल, तर हे जसंच्या तसं जमणार नाही. मग समान पट्टा निदान तीन तासांचा ठेवा आणि तेवढा वेळ घरात कुणी उठवणार नाही असं ठरवून घ्या. या वाटाघाटीत डॉक्टरचा काही उपयोग नाही. ती तुम्हालाच करावी लागेल.

प्रकाशाचं दुसरं. पाळीच्या पहिल्या भागात, पहाटे तीन-साडेतीनपर्यंत, जितका तेज प्रकाश मिळेल तितका घ्या. नंतर कमी करा. घरी येताना गडद चष्मा लावा. स्वतः गाडी चालवत असाल आणि डोळे मिटत असतील तर चष्म्याने झोप आणखी वाढेल, तेव्हा तिथे चष्म्याआधी गाडीचाच विचार करा. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी ०.०५ टक्के रक्तमद्यपातळी असलेल्या माणसाइतकी खालावते, हे १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. घरी आल्यावर दिवे मंद, खोली पूर्ण काळोखी आणि गार. चहा-कॉफी पाळीच्या पूर्वार्धातच. कॅफिनचा अर्धा भाग निघायला साधारण पाच तास लागतात. आणि पहाटे दोन-तीनचं भरपेट जेवण टाळा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कृत्रिम रात्रपाळीत रात्री जेवणाऱ्या लोकांचा मूड खालावला, फक्त दिवसा जेवणाऱ्यांचा खालावला नाही. १९ जणांचा छोटा प्रयोग आहे, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत काहीच नाही, म्हणून मी सुचवतो.

यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत दारू. दिवसपाळीवाल्याला "झोपेच्या चार तास आधी घ्या आणि थांबा" असं तरी सांगता येतं. तुमच्या कामाच्या दिवसात असा एकही तास नाही. झोपेच्या चार तास आधी तुम्ही ड्यूटीवर असता, आणि उठल्यावर घेतली तर ती ड्यूटीत उतरते. त्यामुळे कामाच्या दिवशी शून्य हेच गणित बसतं. कसं उतरायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांशी ठरवा. अवलंबित्वाची लक्षणं नसलेल्यांना मी दर तीन-चार दिवसांनी एक पेग कमी करायला सांगतो, पेग मापाने मोजून आणि रोज लिहून. एवढ्याने जमत नसेल तर नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी दारू सोडायला मदत करणारी औषधं आहेत. ती मागण्यात लाज वाटण्याजोगं काही नाही, आणि मला वाटतं ती लिहून देण्यात आम्ही डॉक्टरच उगाच कंजुषी करतो.

एक धोक्याची सूचना, कारण बहुतेक लोक इथेच परत फिरतात. दारू कमी केल्यावर पहिले आठवडा-दोन आठवडे झोप आणखी बिघडते. झोप लागायला वेळ लागतो, आणि दाबून ठेवलेली रेम झोप उसळून आल्यामुळे भडक, कधीकधी भयानक स्वप्नं पडतात. माणसाला वाटतं, बघा, दारूच बरी होती. हा काळ संपतो. पण जे दीर्घकाळ आणि जास्त पीत होते त्यांची झोप कित्येक महिने कच्ची राहू शकते, आणि ही कच्ची झोप पुन्हा पिण्याकडे ढकलते. म्हणूनच मी घड्याळाचं काम आधी करायला सांगतो. काळोखी खोली आणि ठरलेला पट्टा आठवडाभर आधी बसलेला असेल तर हे पंधरा दिवस निभतात.

झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. दारू पोटात असताना झोपेची किंवा चिंतेची गोळी घेऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. मेलाटोनिन अर्धा ते तीन मिलिग्रॅम दिवसाच्या झोपेआधी घेतल्याने काहींना थोडा फायदा होतो, मोठी अपेक्षा ठेवू नका आणि डॉक्टरांना विचारून घ्या. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत दीर्घकाळात गोळ्यांपेक्षा चांगली टिकते, पण ती दिवसपाळीवाल्यांसाठी रचलेली आहे. रात्रपाळी ठाऊक असलेला समुपदेशक मिळाला तरच ती नीट बसते, नाहीतर "सकाळी सातला उठून ऊन घ्या" असा सल्ला मिळतो आणि तुमचं काम बिघडतं. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं कुणी सांगत असेल, तर झोपेची तपासणी आधी करून घ्या. दारूने घशाचे स्नायू सैल पडतात आणि हा त्रास वाढतो, आणि त्याने एकट्यानेही दिवसभराचा थकवा नि उदासी येऊ शकते.

चार आठवड्यांनंतर काय बघायचं? झोप किती तास झाली यापेक्षा दुपारी जाग आल्यावर परत डोळा लागतो का, संध्याकाळचा पोटातला गोळा कमी झाला का, आणि पूर्वी आवडणारी एखादी गोष्ट कुणी न सांगता केलीत का, हे बघा. यातलं काहीच हललं नसेल, आणि दारू खरोखर थांबली असेल, तर नैराश्याचा उपचार सुरू करा. तेव्हा तो लागू पडण्याची शक्यताही जास्त असेल, कारण दारू चालू असताना गोळीचा परिणाम ना धड मिळतो ना धड मोजता येतो. मधेच मन आणखी खचत गेलं तर मात्र चार आठवड्यांची वाट पाहायची नाही.

नोकरी बदलू का, हेही तुमच्या प्रश्नात दडलेलं आहे. काही शरीरांना रात्रपाळी मानवतच नाही. वय वाढतं तसं ते आणखी अवघड होतं, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ पासून रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" अशा गटात ठेवलं आहे, तेव्हा सोडण्याचा विचार चुकीचा नाही. पण तो निर्णय या महिन्यात नको. सध्या तुम्ही चार तासांच्या झोपेवर विचार करताय. महिनाभर वेळा सांभाळून, दारूविना काढल्यावरही दिवसाची झोप पाच तासांपुढे जात नसेल, तर वरिष्ठांकडे पाळी बदलून मागा आणि डॉक्टरांचं पत्र सोबत जोडा. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची साधी नोंद न्या: झोपलो कधी, उठलो कधी, किती पेग नि कितीच्या मापाने, आणि संध्याकाळी सहाला मन कसं होतं याला दहापैकी किती गुण.